चार एकर पाच गुंठे

आदिलाबाद,
१९ जानेवारी २०२६

ती. सौ. दामिनीवहिनींना
उत्कर्षाचा नमस्कार.

तुम्ही आणि सुरेंद्रदादा बरे असाल. आम्ही इथे ठीक आहोत. तुमचा पत्ता आपल्या गावच्या भूषणने दिला. तो दर सोमवारी राज्याच्या हद्दीवरचा पूल ओलांडून पाटणबोरीच्या बाजारात सांभार आणि मेथीच्या जुड्या घेऊन येतो आणि तुम्ही त्याच्याकडूनच भाजी घेता, हे मला गेल्या महिन्यात कळलं. फोन नंबरही त्याने दिला आहे. पण फोनवर मला तीन वाक्यांच्या पुढे बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत होतं, असं म्हणायला हवं. येत्या अखजीला, अक्षय्य तृतीयेला, त्या वाटणीला तेरा वर्षं होतील.

आधी कामाचं लिहिते.

पोळ्यानंतर बाबांचा डावा हात कमजोर झाला आहे. चालतात, जेवतात, पण शेत आता जीवनदादाच बघतो. बाबांना वाटणी कागदोपत्री करून टाकायची आहे. चार एकर पाच गुंठ्यांचे चार हिस्से: आईबाबांचा एक, सुरेंद्रदादाचा एक, जीवनदादाचा एक आणि एक माझा. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी १६ फेब्रुवारीला, बेल्याच्या तहसील कचेरीत सह्या आहेत. बाबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत: "थोरला आला त चार हिस्से. नाही आला त तीन. मी पुन्हा पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढू शकत नाही."

दादाला मी वेगळं पत्र लिहिलेलं नाही. तो तुमच्याशिवाय येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

माझं सांगायचं तर, आदिलाबादच्या पॉलिटेक्निकमधून मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. दोन वर्षं रस्त्याच्या कामावर होते. गेल्या वर्षी जमीन मोजणीचं प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवला. तलमडुगु, बाजारहत्नूर, बेला, जिथून अर्ज येतो तिथे जाते. बांधाच्या कोपऱ्यावर यंत्राची काठी सरळ धरायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग बिंदू घ्यायचा. आकडे दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत येतात. पहिल्या दिवशी तो आकडा पडद्यावर पाहिला तेव्हा मला तुमची आठवण झाली. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे, तेव्हा ते खरं समजावं.

सहावीला मी गावातल्या मराठी शाळेतून बेल्याच्या हायस्कूलला गेले. गणिताचे सर तेलुगूत शिकवायचे. भाषा कळली नाही तरी फळ्यावरचे आकडे तर सगळीकडे सारखेच असतील, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. आपल्या शाळेत भागाकाराचं उत्तर उजवीकडे लिहायचे, तिथे डोक्यावर. मी उजवीकडेच लिहीत राहिले. उजवीकडे लिहिलं की अंक एकमेकांना चिकटतात आणि मधलं शून्य कुठे गळालं ते कळत नाही. ६.१२ ला ६ ने भागून मी १.२ लिहिलं. सरांनी माझी वही वर्गात उंच धरली. काय म्हणाले ते कळलं नाही. सगळे हसले ते कळलं.

तुमच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. तुम्ही ओसरीत सांभाराच्या जुड्या बांधत होता आणि मी वही लपवत होते.

"आण इकडं. शून्य कुठं गेलं हिच्यातलं?"

"भाग जातच नव्हता."

"जात नव्हता म्हणूनच त शून्य. वांग्याच्या ओळीत एक रोप नाही लागलं, त पुढची रोपं उपटून अलीकडं लावतेस का?"

"नाही."

"मंग? खड्डा राहू दे तसाच. खड्ड्याचं नाव शून्य."

दुसऱ्या दिवशी तुम्ही चौकटीची वही आणलीत. एका चौकटीत एकच अंक. दशांशाचं टिंब चौकटीत नाही, दोन चौकटींमधल्या रेषेवर. लाल पेन्सिलीने त्या रेषेला खालपासून वरपर्यंत गिरवायचं, आधी टिंब वर चढवायचं आणि मगच भाग लावायला घ्यायचा. बाकी उरली की मी थांबायची, कारण आधीच्या शाळेत बाकी लिहिली की गणित संपायचं. तुम्ही म्हणायचात, "थांबू नको. टिंब दे, शून्य खाली आण, चालत राहा." सात भागिले चार. एक, बाकी तीन. मग तीस, मग वीस. एक पूर्णांक पंचाहत्तर. मला आठवतं, त्या दिवशी मी चार वेळा तेच गणित केलं. उरलेल्याचंही काही करता येतं, हे मला नवीन होतं.

भाजकातच टिंब आलं तेव्हा मी पुन्हा अडले. ३.६ भागिले ०.१२. उत्तर तीस आलं आणि भागाकाराचं उत्तर मोठं कसं, म्हणून मी ते खोडलं. तुम्ही पाण्याची घागर दाखवलीत. "घागर तीच. पळी लहान केली. आता जास्त वेळा बुडवावं लागंल का कमी?" आणि टिंब सरकवताना दोघांचंही सरकवायचं, "एकालेच वाढवलं त दुसरा रुसते." हे अजून मी मनात म्हणते. पॉलिटेक्निकमध्येही म्हणत होते.

वार्षिक परीक्षेत शंभरापैकी ब्याण्णव मिळाले. सरांनी वही पुन्हा उंच धरली. या वेळी कुणी हसलं नाही.

एवढ्यासाठी मी तुमचे आभार मानायला हवे होते. ते राहून गेलं.

वाटणीच्या दिवशी हिशोबात चूक झाली होती आणि त्याचा त्रास तुम्हाला झाला, याचं मला वाईट वाटतं. या वेळी मोजणी यंत्राने होणार आहे. घरच्या शेताची मोजणी मी स्वतः करणं योग्य नाही, म्हणून भार्गव नावाचे तलमडुगुचे सर्वेयर करतील. तसं पुन्हा होणार नाही.

१६ तारखेला सकाळी दहापर्यंत यावं. दादाला नमस्कार.

कळावे.

आपली
उत्कर्षा

*

आदिलाबाद,
८ फेब्रुवारी २०२६

दामिनी वहिनी,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पहिली ओळ वाचून मी एकटीच हसले: "तुमी तुमी काऊन करून राह्यली वं? मी काय तहसीलदार आहो?" त्या वेळी मी तुला तूच म्हणायची. मागच्या पत्रात 'तुम्ही' लिहिलं, कारण 'तू' लिहिलं असतं तर पुढचंही सगळं लिहावं लागलं असतं.

तुझी दुसरी ओळ वाचून हसले नाही. "चूक झाली होती म्हणतेस. पाऊस येते तशी आली का चूक? कोणीतरी केली असंल ना?"

आणि मग शेवटचा परिच्छेद. तू येणार नाहीस. गावात वांगी मोजताना एखादं जास्त टाकलं तरी लोक 'पस्तीस गुंठे केले' म्हणतात, हे भूषणने तुला सांगितलं. त्याने सांगायला नको होतं, पण ते खरं आहे. मीही ऐकलं आहे, लग्नात, बसमध्ये, एकदा तर मोजणीवर असताना. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांपैकी एक मला म्हणाला, "ताई, नीट मोजा बरं, पस्तीस गुंठे नका करू." त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. मी नीट मोजलं आणि घरी आले. "मी सही कराले आली त म्हणतील, आली उरलेले घ्याले," असं तू लिहितेस.

तरी त्याच पत्रात तू लिहिलंस की मला परवाना मिळाला ती ओळ तू दादाला दोनदा वाचून दाखवलीस.

मी आता क्रमाने लिहिते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते मधे येईल.

अखजीच्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "सूनबाई, शेताचे तीन हिस्से काढून द्या. उद्या मोजून टाकू." तेव्हा हिस्से तीनच ठरले होते, माझा कुणी धरला नव्हता. तुझे दोन्ही हात कुरडयांच्या चिकात होते. तू मला म्हणालीस, "तू कर. मी तपासते." मी जमिनीचं पासबुक उघडलं. त्यात लिहिलं होतं ४.०५. तुझ्या वहीचा एक कागद घेतला, चौकटी आखल्या, टिंब आधी वर चढवलं. चारला एक, बाकी एक. दहाला तीन, बाकी एक. पंधराला पाच. १.३५. बाकी शून्य. मला इतकं बरं वाटलं की मी तीनने गुणून ताळाही केला. ४.०५. जमला. कागद तुझ्यासमोर धरला. तू हात वर धरून ओठांत गुणाकार केलास आणि म्हणालीस, "बरोबर. दे बाबाले."

पासबुक तू पाहिलंच नव्हतंस. पाहिलं असतं तरी तुझ्या माहेरचा, पुलापलीकडचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, शंभर आरचा एक हेक्टर. तिथलं टिंब खरोखर दशांशाचं असतं. मी मात्र बेल्याकडची. एकराचे चाळीस गुंठे हे मला पाढ्यांच्या आधीपासून माहीत होतं. आमच्या पासबुकातलं ४.०५ म्हणजे चार एकर आणि पाच गुंठे. आधी सगळ्याचे गुंठे करायचे: एकशे पासष्ट. मग तीनने भागायचं: पंचावन्न. म्हणजे एक एकर पंधरा गुंठे. मी काढले एक एकर पस्तीस. ताळा जमला, कारण ताळाही मी त्याच चुकीच्या मापात केला होता. गणिताची पद्धत तू शिकवलीस तशीच होती. ती बरोबर होती. कशाला लावायची आणि कशाला नाही, हे बघणं माझं काम होतं.

बाबांचा तोंडी हिशोब पक्का आहे. त्यांनी एकदा जरी तिप्पट करून पाहिलं असतं तरी सापडलं असतं. पाहिलं नाही. मागे एकदा मी विचारलं तर म्हणाले, "शिकल्या सुनेनं काढलेला हिशोब तपासाचा म्हंजे तिचा अपमान."

सकाळी गावात शेतं मोजून देणारे चंपतराव साखळी घेऊन आले. आपलं शेत पाच साखळ्या रुंद आणि तेहतीस साखळ्या लांब. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो एक गुंठा. बाबांनी कागदावरचा आकडा वाचला, चंपतरावांनी बोटांवर हिशोब केला: पंचाहत्तर गुंठे, पंधरा साखळ्या. विहिरीकडून थोरल्याचा हिस्सा आधी. मी साखळीच्या मागच्या टोकाला होते आणि मोजत होते.

अकराव्या साखळीला मी थांबले.

तेहतीस साखळ्यांचे तीन हिस्से. यात टिंब नव्हतं, शून्य नव्हतं, कागदही लागत नव्हता. मला कळलं, वहिनी. चंपतराव ओरडले, "चाल ना वं पोट्टे, ऊन होऊन राह्यलं." मी चालले. बारा, तेरा, चौदा, पंधरा. खुंटी ठोकायला त्यांना दगड सापडत नव्हता. तो शोधून खुंटी ठोकेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. मला वर्गात उंच धरलेली वही दिसत होती. मी ठरवलं की वहिनी येईल, तिला दिसेल, ती सांगेल. तू घरी चहा करत होतीस.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तुला वाटत असेल की माझ्या हातून नकळत चूक झाली आणि मग मी घाबरले. घाबरले ते नंतर. आधी मला कळलं होतं.

तू चहा घेऊन आलीस तेव्हा जीवनदादाने उरलेल्या साखळ्या मोजल्या होत्या. दोन हिश्श्यांना मिळून अठरा. "विहिरीकडचे वीस गुंठे जास्त! वा रे हिशोब!" चंपतरावांनी कागद हातात घेऊन मला विचारलं, "हिशोब कोणं केला?" मी म्हणाले, "कागद वहिनीच्या वहीचा आहे."

हे वाक्य पूर्ण खरं होतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग तू म्हणालीस, "हो, माहीच चूक हाय. आमच्याकडं शंभराचा हिशोब असते." आई म्हणाली, "शिकलेली बाई चुकत नसते, चुकवत असते. पलीकडची लेक शेवटी पलीकडचीच." दादाने खुंटी उपटली आणि ओढ्यात फेकली. "मले एक गुंठाही नको." आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

तू जाताना माझ्या दप्तरात चौकटीची नवी वही ठेवून गेलीस. आत काही लिहिलं असेल म्हणून मी सगळी पानं उलटून पाहिली. काही नव्हतं. सातवीचं गणित मी तिच्यातच केलं. काय करणार, वही चांगली होती.

आता कालचं.

तुला लिहिण्याआधी घरी सांगायचं असं मी ठरवलं होतं. आधी तुझी माफी मिळवून मग घरी जाणं सोपं झालं असतं, म्हणून तसं केलं नाही. काल शनिवारी गावी गेले. चंपतरावांनाही बोलावून घेतलं. बियाण्याच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर उलटं करून भिंतीला लावलं आणि त्यावर दोन्ही गणितं मांडली.

"हे काय, शाळा भरवून राह्यली का?" जीवनदादा म्हणाला.

"हो. बस."

चूक कुठे ते दाखवलं. मग हे कुणी केलं ते सांगितलं. मग अकराव्या साखळीचं सांगितलं. तुला हे आवडणार नाही कदाचित, पण मी एखाद्या मोजणीचा अहवाल वाचावा तसं बोलले. दुसरं मला येत नाही.

चंपतराव आता ऐंशीचे आहेत. त्यांनी कॅलेंडरवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मले का वाचता येते? कागद मी उलटा धरला होता का सुलटा, तेही ठाऊक नाही. पोरीनं सांगितलं ते मानलं."

बाबा म्हणाले, "मंग एवढे साल काऊन नाही बोलली?"

मी म्हणाले, "माहीत नाही." हेही खरं आहे.

जीवनदादा उभा राहिला. "म्हंजे बारा साल मी जे सांगत फिरलो..."

"ते चूक होतं. पण तुला ते चूक आहे हे माहीत नव्हतं. मला होतं."

त्याने चप्पल घातली आणि गेला. मला वाटलं आता भांडण होईल किंवा तो रात्रीच येईल. तासाभराने आला. बेल्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन आला होता, जिथे तो रोज बसतो आणि जिथे ती म्हण तयार झाली. "सांगून आलो सगळ्यायले. वहिनीची चूक नव्हती म्हणलं. आमच्याच मोजणीवालीची होती. हसले लेकाचे."

"मग?"

"मंग काय? हसू दे. भज्याची प्लेट मागवली अन् खाऊन आलो."

आई हे सगळं होईपर्यंत आत होती. भाकर करपल्याचा वास आला तरी तिने उतरवली नाही, मी जाऊन उतरवली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि बाबांना म्हणाली, "मले तिच्याकडं ने म्हणा हिले."

"सासू कदी सुनेले आणाले जात नसते," जीवनदादा म्हणाला. "कोणाले तरी पाठवतात."

"आणाले कोण चाललं? मी चार माणसांत बोलली होती. आता तिच्या दारात जाऊन बोलतो. आणाचं-बिणाचं तिचं ती पाहीन."

आईला, मथुराबाई लेनगुरे यांना, मी पंचवीस वर्षं ओळखते. त्या असं काही बोलतील हे मला कोणत्याही गणितातून काढता आलं नसतं.

भार्गव सरांची मोजणी परवा झाली. शेत जागेवर एकशे पासष्ट गुंठेच भरलं. चार हिस्से. हे मी तुझ्यासाठी लिहिते, तपासून पाहा: सोळाला चार, पाचला एक, बाकी एक. टिंब वर, शून्य खाली. दहाला दोन, वीसला पाच. ४१.२५ गुंठे, म्हणजे एक एकर सव्वा गुंठा. आधी एकराचे गुंठे केले आहेत. माझा हिस्सा मी घेणार आहे. तो तुमच्या नावावर करून मोकळं व्हावं असा विचार दोन दिवस डोक्यात होता. पण तसं केलं असतं तर लोकांनी माझं कौतुक केलं असतं, आणि ते मला चाललं नसतं.

बाबांनी काल रात्री जेवताना आपणहून सांगितलं की थोरला १६ तारखेला आला किंवा नाही आला, हिस्से चारच. पायऱ्या पुन्हा चढाव्या लागल्या तर चढतील. तेव्हा दादाचा हिस्सा आता तुझ्या येण्यावर अडलेला नाही.

वहिनी, मागच्या पत्रात मी भागाकाराबद्दल आभार मानले. ते मानणं अवघड नव्हतं. मी आज जे कमावते, ज्या कामावर सही करते, लोक माझा आकडा मान्य करून भांडण थांबवतात, त्याची सुरुवात त्या ओसरीत, सांभाराच्या जुड्यांशेजारी झाली. पण त्या सकाळी चहाची ताटली हातात धरून तू जे एक वाक्य बोललीस, त्याचे आभार कसे मानायचे हे मला कळत नव्हतं. ते वाक्य खोटं होतं आणि ते तू माझ्यासाठी बोललीस. मी बारा वर्षांची होते, एवढंच तू पाहिलंस. मला शाळेतून काढून घरी बसवलं असतं, हे तुला दिसलं असणार. आईने त्याच्या आदल्या महिन्यातच तसं म्हटलं होतं. मी शाळेत राहिले आणि तू गाव सोडलंस. आभार मानले तर तो सौदा मी कबूल केल्यासारखं होईल, आणि नाही मानले तर मी अजून साखळीचं टोक धरून गप्प उभी आहे. म्हणून मानते. माफी मागते आणि आभारही मानते. दोन्ही वेगवेगळी आहेत, एकातून दुसरं वजा होत नाही.

हे पत्र भूषणच्या हाती देते आहे, उद्याच्या बाजारात तुला मिळेल. बुधवारी अकराच्या सुमाराला आई आणि मी येऊ. जीवनदादा गाडी आणणार आहे. तो म्हणतो, मी रस्त्यावरच थांबीन, वहिनीनं आत ये म्हणलं त येईन. तुला आम्हाला आत घ्यायचं नसेल तर घेऊ नको. आईला जे बोलायचं आहे ते ती अंगणातूनही बोलेल, आणि मी जे लिहिलं आहे ते मला तुझ्या शेजाऱ्यांसमोर मोठ्याने सांगायला चालेल.

मागचं पत्र मी कामासाठी लिहिलं होतं. हे कामासाठी नाही. शेताचं जे व्हायचं ते तुझ्याविनाही नीट होईल, आणि गावात तुझं नाव आता आम्ही बिघडवलं तसं आम्हीच निस्तरू. त्यामुळे तू यायलाच हवं असं एकही कारण माझ्याकडे उरलेलं नाही.

ये.

१.३५ हे उत्तर काढणारी,
तुझी नणंद

उत्कर्षा अमृतराव लेनगुरे